पदवी घ्यायची राहून गेली, शिवाय मुलीच्या ऑनर्सचं काय करू?

झेरॉक्सवाला_फोंडा

नमस्कार मंडळी.

फोंड्यात बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, पासपोर्ट फोटो, आणि हल्ली ऑनलाइन फॉर्म भरून देणं. सव्वीस वर्षं हेच करतोय. निकाल लागले की दुकानासमोर रांग लागते आणि तालुक्यातल्या निम्म्या पोरांच्या गुणपत्रिका माझ्या काचेवरून जातात. कोणाला किती पडले हे त्यांच्या मामाच्या आधी मला कळतं. तोंड बंद ठेवतो, धंद्याचा नियम आहे.

तर अशा माणसाकडे स्वतःची पदवी नाही. नापास नाही हो. १९९६ साली बी.कॉम. झालो, सेकंड क्लास. गुणपत्रिका आहेत, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आहे. पदवीदानाचा फॉर्म भरायचा होता, पण तेव्हा वेर्ण्याला एका कारखान्यात पॅकिंगला लागलो होतो. शिफ्ट बुडवून ताळगावच्या पठारावर विद्यापीठात कोण जाणार? पुढच्या वर्षी भरू म्हटलं. ते पुढचं वर्ष अजून यायचंय. गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत ती कोणी मागितलीच नाही. बँकेनं कर्ज देताना मागितली नाही, सासऱ्यांनी मुलगी देताना मागितली नाही.

पितळ उघडं पाडलं ते मुलीनं. कसलासा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होती. ‘वडिलांचं शिक्षण’ या रकान्यात तिनं ‘पदवीधर’ निवडलं आणि सहज विचारलं, ‘पप्पा, तुमची डिग्री कशी दिसते? मी बघितलीच नाही कधी.’ लोखंडी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. प्रोव्हिजनल चार घड्या घालून ठेवलेलं. घडीवर कागद इतका झिजलाय की उजेडात धरला तर अधिकचं चिन्ह दिसतं. ती म्हणाली, ‘पण यावर तर लिहिलंय की पदवी नंतर मिळेल.’ आणि हसत सुटली. बायकोही हसली. दोघी अजून हसतायत.

आता मुलीचं. ती बी.एससी.च्या सहाव्या सेमिस्टरला, मेजर बॉटनी. २०२३ साली बारावीनंतर जी पोरं गेली, नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली बॅच, त्यातली. आता तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं, हे ठरवायचंय. ऑनर्समध्येही म्हणे दोन प्रकार, साधं आणि रिसर्चवालं. रिसर्चवाल्याला पंच्याहत्तर टक्के लागतात. तिचे पाच सेमिस्टरचे मिळून चौऱ्याहत्तरच्या आसपास येतात. घरात सध्या या एका टक्क्यावर जेवणं होतायत. तिला मडकईच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, कोरगुट भातावर काहीतरी करायचंय, खाऱ्या पाण्यात ते भात कसं तगतं वगैरे. मला त्यातलं फक्त कोरगुटाची पेज कळते.

एक भानगड अजून. आमच्या आडनावात ‘व’ आहे. इंग्रजीत तो माझ्या कागदांवर ‘व्ही’, मुलीच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘डब्ल्यू’ आणि आधारवर ‘यू’. शाळेत कोणी कसं लिहिलं देव जाणे, आम्हीही तेव्हा बघितलं नाही. हे पदवीवर कसं छापून येणार?

आणि माझं काय? तीस वर्षांनी पदवी मागायला गेलो तर देतात का, की हाकलतात? बायको म्हणते मुलीबरोबर तुम्हीही झगा घालून बसा. चेष्टा बाजूला ठेवा, पण जमतं का हो असं?

काउंटर_नंबर_४

झेरॉक्सवाले बाब, मी एका कॉलेजच्या ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. तुमच्यासारखे दरवर्षी दोन-चार भेटायचे. हाकलत नाहीत. आधी तेवढं ऐकून घ्या आणि निवांत झोपा.

लोकांचा घोटाळा कुठे होतो सांगतो. काउंटरवर येऊन प्रत्येकजण ‘सर्टिफिकेट द्या’ म्हणतो. कुठलं? गुणपत्रिका वेगळी, प्रोव्हिजनल वेगळं, मायग्रेशन वेगळं, ट्रान्स्क्रिप्ट वेगळं आणि पदवी वेगळी. पास होणं ही परीक्षा विभागाची गोष्ट आहे. निकाल लागला, तुम्ही पास, विषय संपला. पदवी मात्र द्यावी लागते आणि घ्यावी लागते. दीक्षान्त समारंभात विद्याशाखेचे प्रमुख उभे राहून उमेदवारांना सादर करतात, मग त्यांना पदवी बहाल केल्याचं जाहीर होतं. तिथं हजर नसलात तरी चालतं, पण तुमचं नाव त्या यादीत असावं लागतं. त्याला ‘अनुपस्थितीत पदवी’ म्हणतात. तुमचं नाव यादीतच गेलं नाही, कारण तुम्ही फॉर्म भरला नाही. म्हणजे तुम्ही तीस वर्षं पास आहात, पदवीधर व्हायचे आहात. मुलीनं रकान्यात जे निवडलं त्यावर मी काही बोलत नाही.

प्रोव्हिजनल या शब्दातच सगळं आलं. पदवी छापून हातात येईपर्यंतची ती सोय आहे. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २००८ चा नियम आहे की विद्यार्थी पात्र व्हायला हवा त्या तारखेपासून १८० दिवसांत पदवी दिली गेली पाहिजे. म्हणजे प्रोव्हिजनलचं आयुष्य सहा महिन्यांचं धरलेलं. तुमच्याकडचं तिशीला टेकलंय, त्याला मानलं पाहिजे.

तुमचं काम सोपं आहे कारण तुम्ही १९९६ चे. गोवा विद्यापीठ १ जून १९८५ ला सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, आणि पणजीत मुंबईचंच पदव्युत्तर केंद्र होतं. काणकोणचे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते, १९७९ चे बी.ए. पेन्शनच्या कागदांत काहीतरी अडलं होतं. पदवी मागायला आधी पठारावर गेले, तिथून ‘तुमची मुंबईची’ म्हणून सांगितलं, मग आमच्या काउंटरवर. आम्ही तरी काय करणार? रात्रीच्या बसने मुंबईला गेले, दोन फेऱ्या झाल्या. परत आले तेव्हा पेढे घेऊन आले. डोळ्यांत पाणी होतं, पेन्शनचं की पदवीचं ते विचारलं नाही. तुम्हाला फोंड्याहून बाणस्तारी ओलांडून पणजी आणि तिथून पठार. अर्ध्या दिवसाचं काम.

बरोबर न्या: तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, ते झिजलेलं प्रोव्हिजनल, ओळखपत्र. सीट नंबर आणि परीक्षेचा महिना गुणपत्रिकेवर असतो. जुनं रेकॉर्ड त्यावरूनच शोधतात, नावावरून नाही. त्या काळी नावं हातानं लिहायचे आणि एकाच वर्षात एका नावाचे पाच जण असायचे. उशिराची फी लागेल. आकडा परिपत्रकात बघून मगच भरा, दरवर्षी बदलतो. झगा घालून बसायचं की नाही हे फॉर्मवरच विचारतात. पण सांगून ठेवतो, समारंभात मंचावर बोलावतात ते प्रामुख्यानं पीएच.डी.वाल्यांना आणि सुवर्णपदकवाल्यांना. बाकीच्यांना जागेवर उभं करतात. एवढ्यासाठी झगा म्हणजे, मे महिन्यातली सुटाबुटातली वरात.

पदकावरून आठवलं. तुमच्या मुलीचं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचं असेल म्हणून लिहितो. ही सुवर्णपदकं बहुतेक कोणीतरी आपल्या आईवडिलांच्या नावानं ठेवलेल्या देणगीतून असतात आणि प्रत्येकाची अट वेगळी. सहसा एक अट असतेच, सगळे पेपर पहिल्या प्रयत्नात. दुसऱ्या सेमिस्टरला एक एटीकेटी लागली होती म्हणून विषयात पहिली आलेली मुलगी पदकाला मुकल्याचं मी पाहिलंय. वडील भांडायला आले होते. नियमावली दाखवली, गप्प बसले, मग मुलीकडे न बघता निघून गेले. ते मला आवडलं नाही.

आता ऑनर्स. आपल्या वेळी ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ असायचं, त्याला लोक ऑनर्स समजतात. तो वर्ग, म्हणजे मार्कांचा दर्जा. आताचं ऑनर्स पदवीच्या नावातच येतं, बी.एससी. (ऑनर्स), आणि ते मार्कांवर मिळत नाही, चौथ्या वर्षानं मिळतं. यूजीसीचा आराखडा डिसेंबर २०२२ चा. तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चार वर्षांना १६०. चौथ्या वर्षात रिसर्चवाल्यांना १२ क्रेडिटचा प्रबंध असतो, साध्या ऑनर्सवाल्यांना त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे पेपर. पंच्याहत्तरची अट आहे ती फक्त रिसर्चवाल्याला, आणि ती पहिल्या सहाही सेमिस्टरची मिळून. म्हणजे पोरीच्या हातात अजून एक सेमिस्टर आहे. जेवणं नीट करा.

आडनावाचं दहावीपासून धरा. पदवीवरचं नाव सहसा शालान्त परीक्षेच्या सर्टिफिकेटवरून पुढं सरकत येतं. ‘डब्ल्यू’ तिथं आहे ना, मग पदवीवरही तोच येणार. त्यामुळे पदवी बदलायच्या मागे न लागता आधार बदला. ते सगळ्यात स्वस्त. सर्टिफिकेटवरचंच बदलायचं असेल तर आधी पर्वरीला बोर्डात जावं लागेल आणि मग प्रत्येक कागदामागे पळावं लागेल. नाव-आडनाव कायद्यानं बदलायला गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, पण एका अक्षरासाठी तिथवर जाऊ नका. तुम्ही ‘व्ही’ आणि मुलगी ‘डब्ल्यू’, यानं आकाश कोसळत नाही. आमच्याकडे एका घरात आजोबा पोर्तुगीज कागदावर ‘पोरोबो’, मुलगा ‘परब’ आणि नातू ‘पोरोब’. तिघे एका ताटात जेवायचे.

पठारावरची

काका, मी गेल्या वर्षी बी.एससी. झाले आणि आता विद्यापीठात एम.एससी.च्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणजे जुन्या तीन वर्षांच्या पद्धतीची शेवटची बॅच. आमच्या पाठोपाठ तुमची मुलगी.

साधा हिशेब आहे. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. तीन वर्षांवर बाहेर पडली तर एम.एससी. दोन वर्षांचं, ऑनर्स करून गेली तर एक वर्षाचं. एम.एससी. करायचंच असेल तर वर्षं वाया जात नाहीत, कुठे घालवायची एवढंच. फरक पडतो तो मध्येच थांबायची वेळ आली तर. ऑनर्सनंतर थांबली तर हातात चार वर्षांची पदवी आहे. दोन वर्षांच्या एम.एससी.चं एक वर्ष करून थांबली तर काय मिळतं ते आधी नीट विचारून घ्या.

पीएच.डी.च्या डोक्यात असेल तर यूजीसीचे २०२२ चे नियम बघा. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.एससी.शिवाय पीएच.डी.च्या प्रवेशाला उभं राहता येतं. एम.एससी. करून गेलात तर ५५ पुरतात. एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना यात पाच टक्के सूट आहे. ही सूट पीएच.डी.च्या नियमांतली आहे हं, रिसर्च ऑनर्सच्या ७५ मध्ये ती आपोआप धरू नका. कॉलेजात स्पष्ट विचारा. आणि साध्या ऑनर्सवालीलाही हा दरवाजा बंद नाही, चारही वर्षांचे मिळून ७५ झाले म्हणजे झालं. त्यामुळे सहाव्या सेमिस्टरला एक टक्का हुकला तर कोरगुट संपलं असं नाही.

मी खरं तर वेगळंच विचारीन. तिच्या कॉलेजात बॉटनीचं चौथं वर्ष आहे का? सगळ्या कॉलेजांत सगळ्या विषयांचं नसतं. गाईड करणारे किती आहेत, प्रयोगशाळेत मातीचा क्षार मोजायचं यंत्र चालू आहे का की त्यावर फडकं घातलेलं आहे, हे बघायला सांगा. खाजनातलं भात पावसाळी आहे, म्हणजे चौथ्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यांत शेतात उतरावं लागेल. विषय दिवाळीनंतर ठरला तर मडकईत तिला फक्त पेंढा मिळेल.

अजून एक. तिचं एबीसी खातं, म्हणजे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं, उघडून बघा, ते बारा आकडी. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट तिथं दिसायला हवेत. माझ्या मैत्रिणीचे दोन सेमिस्टर दिसतच नव्हते कारण आधारवर वडिलांचं नाव मध्ये होतं आणि कॉलेजच्या यादीत नव्हतं. काउंटरवाल्या काकांनी आधार बदला म्हटलंय ते म्हणूनच आजच करा, निकालाची वाट बघू नका.

आणि गुणपत्रिकेवर ‘ओ’ दिसला तर घाबरू नका. माझ्या आईनं तो शून्य समजून देवळात नारळ बोलला होता. दहापैकी दहा असतात ते.

नको_तो_झगा

कशाला एवढी यातायात? डिजिलॉकरवर सगळं असतं आता. कागद कोण बघतो?

काउंटर_नंबर_४

डिजिलॉकरवरचा दस्तऐवज मुळासारखाच धरायचा असा नियमच आहे, ते खरं. पण तिथं तेच दिसतं जे विद्यापीठानं चढवलंय. मुलीची पदवी तिथं येईल. १९९६ ची, तीही न घेतलेली, तिथं आपोआप उगवत नाही हो.

स्विंडनकर

मी मूळचा डिचोलीचा, गेली अठरा वर्षं इंग्लंडात. वरच्या मंडळींनी सगळं सांगितलं, मी फक्त एक सांगतो आणि ते झेरॉक्सवाल्या भावालाच सांगायला हवं. पदवी मिळाली की लॅमिनेट करू नका.

मी केली होती. २००४ साली, हौसेनं, म्हापशात बाजाराजवळच्या दुकानात. इथं आल्यावर पहिली काही वर्षं गोदामात काम केलं तेव्हा कोणी विचारलं नाही. मग बरी नोकरी मिळत होती, त्यांनी पदवीवर अपॉस्टिल मागितलं, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण. भारत २००५ पासून त्या हेग करारात आहे, त्यामुळे इंग्लंड-पोर्तुगालसाठी परराष्ट्र खात्याचं ते एक स्टिकर पुरतं. दुबई-कुवेतला जाणाऱ्यांना त्यापुढे वकिलातीचा शिक्काही लागतो. पण स्टिकर लावायचं कशावर? माझ्या कागदावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिक. शिक्का उमटत नाही, गोंद धरत नाही. भावानं गावी ती पदवी परत त्या दुकानात नेली. त्या माणसानं इस्त्री गरम करून प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला. प्लास्टिक सुटलं, आणि त्याच्याबरोबर कुलगुरूंची सही आणि माझं अर्धं नाव पण सुटलं. मग दुसरी प्रत काढली. हरवलेल्या पदवीला पोलिसांत तक्रार आणि प्रतिज्ञापत्र लागतं, माझी हरवलेली नव्हती, तर ती फाटकी परत द्यावी लागली. चार महिने गेले. नोकरीवाले थांबले नाहीत.

बाकी मुलीच्या बाबतीत एक. तिला अमेरिकेत वगैरे पुढं शिकायचं असेल तर तिकडची बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण बघतात. बारा अधिक तीन पंधरा होतात. त्या हिशेबानं चौथं वर्ष वाईट नाही.

झेरॉक्सवाला_फोंडा

सगळ्यांना देव बरें करूं. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, शाळांचे फॉर्म चालू होते.

स्विंडनकर, तुमचं वाचून त्या रात्री मला झोप आली नाही. म्हापशातला तो मी नाही, पण फोंड्यातला मीच आहे. किती पदव्या लॅमिनेट केल्या असतील मी? आमच्या इथं जूनपासून हवा इतकी दमट की कागदाचे रिम नुसते कपाटात ठेवले तरी पानं एकमेकांना चिकटतात, मशीन दोन-दोन ओढतं. मी कपाटात साठचा पिवळा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवतो, म्हणून माझं मशीन चालतं. अशा हवेत घरात ठेवलेल्या कागदाला ऑगस्टपर्यंत बुरा येतो आणि कसर लागते ती वेगळीच. म्हणून लोक लॅमिनेशनला येतात आणि मीही ‘जन्माचं काम होईल’ म्हणून करून द्यायचो. आता आलेल्याला विचारतो, मूळ आहे का? मूळ असेल तर झेरॉक्स लॅमिनेट करून देतो आणि मूळ प्लास्टिकच्या फोल्डरात, आत ती पांढरी सिलिकाची पुडी टाकून. पुड्या बुटांच्या खोक्यांतून मिळतात, शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय. एक बाई रागावून दुसऱ्या दुकानात गेली. जाऊ दे.

मुलीचा आधार झाला, ‘डब्ल्यू’ लागला. एबीसीत पाचही सेमिस्टर दिसतायत, सहावा यायचाय. पठारावरच्या बाय, तुझं फडक्याचं वाक्य तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन तिनं यंत्रावरचं फडकं उचलून बघितलं. यंत्र चालतं म्हणे. सर म्हणाले आधी निकाल लागू दे, पण जूनच्या पहिल्या पावसाला मडकईत चल, बांध बघून घे. म्हणजे चौथं वर्ष करायचं हे ठरलं. रिसर्च की साधं ते तो एक टक्का ठरवेल. माझ्या मते तिला दोन्ही चालेल, पण हे तिला सांगितलं की चिडते, म्हणून सांगत नाही.

मी काल पठारावर जाऊन आलो. साहेब, तुम्ही सांगितलं तसं सगळं नेलं होतं. काउंटरवर पंचविशीतला मुलगा होता, त्यानं गुणपत्रिकेवरचा सीट नंबर बघितला, आत गेला, बऱ्याच वेळानं आला आणि म्हणाला, ‘सापडलं काका, तुमचं नाव आहे.’ मला उगाच बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुठल्यातरी रजिस्टरात आपण बसून होतो. फॉर्म भरला, फी भरली, ‘अनुपस्थितीत’ वर खूण केली. बायको नाराज आहे.

मग तो म्हणाला, गुणपत्रिकांच्या दोन-दोन झेरॉक्स जोडा.

मी आणल्या नव्हत्या. सव्वीस वर्षं झेरॉक्सचं दुकान, आणि एक प्रत बरोबर नाही. बाहेर येऊन दुसऱ्याच्या दुकानात रांगेत उभा राहिलो. सहा पानं, पानाला दोन रुपये. टोनर संपत आलेला होता, प्रत्येक पानावर उजवीकडे काळी रेघ. त्याला सांगणार होतो की ड्रम पुसून घे, पण मागे पोरं उभी होती आणि त्यांना घाई होती.